चुकांची वही

चाचणीचे गठ्ठे तपासून झाले की केंद्रप्रमुखांचा फोन येतोच, "बाई, डेटा भरला का?" डेटा म्हणजे गुण. नावापुढे आकडा टाकायचा, की सुटलो.

दोन वर्षांपूर्वी मीही अशीच सुटले होते. पाचवीतल्या दोघांना इंग्रजीत सात-सात गुण. एक आगाशीकडची मुलगी, दुसरा नालासोपाऱ्याच्या चाळीतला मुलगा, घरी भोजपुरी बोलणारा. आकडा सारखा, म्हणून दोघांना एका बाकावर बसवलं आणि स्पेलिंगची एकच यादी पाठ करायला दिली. महिन्याभराने चाचणी घेतली. पुन्हा सातच.

मग मुकाट्याने जुन्या उत्तरपत्रिका काढल्या. मुलीच्या चित्राखाली दोघांनीही 'शी'च्या जागी 'ही' लिहिलं होतं आणि मी दोन्हीकडे सारखीच लाल फुली मारली होती. मुलीला जवळ बोलावून विचारलं, "अगं, असं का लिहिलंस?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, मुलगीच आहे ना? मग ही!"

मी गार पडले. तिचं मराठी बिनचूक होतं. म्हणूनच पुढच्या वाक्यातही 'आय'ऐवजी 'मी' होतं, 'मी गो टू स्कूल'. मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्या कानावरच्या बोलीत मुलगा असो वा मुलगी, दोघांना 'ऊ'च. 'ही' की 'शी', हे तो नाणं उडवल्यासारखं ठरवत होता. शिवाय स्कूल, स्टेशन, स्टूल या सगळ्यांच्या पुढे त्याने आय हे अक्षर लावलेलं, कारण तो बोलतोच 'इस्कूल' आणि 'इस्टेसन'. फुली एक, पण दुखणी दोन; आणि मी दोघांना एकाच बाटलीतलं औषध पाजत होते.

आमच्या पिढीने एबीसीडी पाचवीत गिरवली. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. पण वसईतल्या वर्गात इंग्रजी ही काही दुसरी भाषा नसते. घरी मांगेली, वाडवळी, वारली नाहीतर भोजपुरी, शाळेत पुस्तकी मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर इंग्रजी. मूल इंग्रजीत चुकतं ते बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरून.

तेव्हापासून मी एक आडवी वही ठेवली आहे. डावीकडे नावं आणि वर रकान्यांत गुणांऐवजी चुका: ही-शी, मी-आय, बी-डी, 'इज' गाळला, ऐकून कळतं पण वाचता येत नाही. हा शेवटचा रकाना लेखी पेपरातून कधीच भरत नाही. त्यासाठी 'असर'च्या पाहणीतली रीत उचलली. 'प्रथम' या संस्थेचे लोक 2005 पासून घरोघरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून तपासतात. इंग्रजीत आधी मोठी अक्षरं, मग छोटी, मग शब्द, मग वाक्य आणि वाचलेल्याचा अर्थ. मधल्या सुट्टीनंतर रोज चार मुलं घेतली, तर दोन आठवड्यांत वर्ग होतो.

शनिवारी मुलं वहीप्रमाणे बसतात. ही-शीवाल्यांना फळ्यावर खडू टेकवायची परवानगी नसते. वर्गातल्याच कुणाकडे तरी बोट दाखवायचं आणि बोलायचं. 'इस्कूल'वाले आधी नुसता 'स्स्स' लांबवतात, सापासारखा. हसून हसून पुरेवाट होते. पुढच्या शनिवारी घोळका बदलतो, त्यामुळे कोण 'ढ' हे कुणालाच कळत नाही.

वर्षअखेरीस त्या मुलीला नऊ गुण पडले. दोन गुणांची वाढ पोर्टलवर कुणाच्या डोळ्यांत भरणार? पण तिचा पेपर मी जपून ठेवला आहे. चित्राखाली आधी 'ही' लिहिलंय, ते खोडलंय आणि वर बारीक अक्षरात 'शी'. पूर्वी खाडाखोडीचा मी अर्धा गुण कापायचे.

आता वहीत त्या खाडाखोडीसाठी एक रकाना वाढवला आहे.