सात आणि हात

६ मे २०२५
बारामतीला तात्यांच्या कानाची तपासणी झाली. बंद खोलीत हेडफोन लावून बसले. बारीक ‘पीं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. आलेख बघितला आणि ‘‘बोलता ते ऐकू येतं रे, कळत नाही’’ या त्यांच्या गाऱ्हाण्याचा उलगडा झाला. २५० हर्ट्झच्या खर्जात रेघ ठीकठाक. १००० च्या पुढे घसरत ४००० ला पार ७० डेसिबलवर. बोलण्यातला जोर स्वरांचा, तो खालच्या पट्टीत. स, श, फ ही अक्षरं वरच्या पट्टीतली आणि मुळातच क्षीण. म्हणून ‘सात’ म्हटलं की तात्यांना ‘हात’, नाहीतर नुसतंच ‘आत’. ओरडून फायदा नाही. ओरडलं की ‘आ’ तेवढा मोठा होतो. आतल्या कानाच्या शंखात उंच स्वर टिपणाऱ्या केसपेशी अगदी तोंडाशी असतात. बहुधा त्याच आधी झिजतात, आणि पुन्हा उगवत नाहीत.

९ मे
मशीन आलं. कानामागं बसणारं, शेंगेएवढं. आत दोन माइक, एक चिप, एक इवला स्पीकर. आवाजाचे सेकंदाला हजारो आकडे होतात, त्यांच्या पट्ट्या पडतात आणि तात्यांच्या आलेखाबरहुकूम एकेक पट्टी चढवली जाते. खर्ज जवळपास तसाच, वरचं जास्त. शिवाय हळू आवाज जास्त वाढतो, मोठा कमी. त्यामुळं नातवाची कुजबूज पोचते आणि पातेलं पडलं तरी तात्या दचकत नाहीत. खरी करामत ही. आजोबांचं खिशातलं जुनं मशीन सगळंच सरसकट वाढवायचं. त्यांनी ते ट्रंकेत टाकलं, बरोबरच केलं.

सेलवर केशरी चिकटपट्टी असते. ती काढली की भोकांतून हवा आत शिरते, जस्ताला ऑक्सिजन मिळतो आणि वीज सुरू होते. मिनिटभर थांबून मग मशीनमध्ये घालायचा. पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही, हे आईला काही केल्या पटत नाही.

११ मे, नृसिंह जयंती
तात्या मशीन लावून नृसिंहाच्या देवळात, कीर्तनाला. सरदार विंचूरकरांनी बांधलेलं दगडी काम, वर चार दिशांना कर्णे. घरी समोरासमोर छान चालतं: पुढच्या आणि मागच्या माइकवर आवाज पोचण्यातला सूक्ष्म फरक ओळखून मशीन पाठीमागचा गलका दाबतं. इथं बुवांचा आवाज पुढून, मागून, भिंतीवरून, छतावरून. मशीननं दाबायचं तरी काय? उत्तररंगाआधीच तात्यांनी ते काढून खिशात ठेवलं. मंडळी म्हणतात, आणखी एक कर्णा लावू. वैतागच.

१५ मे
दिवसभर वापरा, असं बारामतीत सांगितलंय. पंख्याची घरघर, चपलांची करकर मेंदू कित्येक वर्षांत विसरलेला; सवय व्हायला आठवडे लागतात. तात्या कुरकुरतात, पण काल फोनवर उसाचा भाव एकदाच विचारला.

२५ मे
मे महिन्यात असला पाऊस! बारामती-इंदापुरात सगळीकडं पाणी. घामानं आणि दमटपणानं मशीन बिघडतं, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत.

२८ मे
देवळाचं डोक्यातून जाईना. काही मशीनमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, टी-कॉइल. सभागृहाभोवती तार फिरवून तिच्यातून माइकचा विद्युतसंकेत सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि वेटोळं ते पकडतं. भिंती, कर्णे, प्रतिध्वनी सगळे वगळून बुवांच्या तोंडचा शब्द थेट कानात. इंग्लंडात चर्चमध्ये, नाट्यगृहांत ही सोय असते. आपल्याकडं कीर्तनाला बसणारी निम्मी माणसं साठीच्या पुढची, आणि वर्गणी जाते कर्ण्यांवर.

स्पीकरवाल्याला विचारलं. म्हणाला, ‘‘तार मी ओढतो की दादा. पण तात्यांच्या मशीनमध्ये ते वेटोळं आहे का, आधी बघा.’’ आहे, बारामतीतून चालू करून आणावं लागेल. साधा ॲम्प्लिफायर चालत नाही, तारेसाठी वेगळा लागतो. त्याची किंमत काढून मंडळींपुढं ठेवतो, कर्ण्याची ऑर्डर जायच्या आत.