शोकात्मिकेची प्रशस्ती

१

आगगाडीला जेव्हा नाव दिले जाते, तेव्हा तिच्या प्रवासाचा पहिला अर्थ प्रवाशाने डब्यात पाऊल ठेवण्यापूर्वीच निश्चित झालेला असतो. स्पेनच्या दक्षिणेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या आलिशान गाडीचे नाव ‘अल आंदालुस’ आहे. अल-अंदलूस हे आयबेरियन द्वीपकल्पातील मुस्लिम सत्तेखालच्या प्रदेशाचे अरबी नाव. ७११ मध्ये उघडलेले आणि २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादाच्या शरणागतीने मिटलेले इतिहासाचे एक दीर्घ प्रकरण या नावात सामावलेले आहे. ज्या राजसत्तेने या प्रदेशाचा शेवटचा तुकडा जिंकला, तिनेच त्या वर्षी ज्यूंना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम काढला. पुढे १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्कोंना, म्हणजे धर्मांतरित मुस्लिमांच्या वंशजांनाही, हद्दपार करण्यात आले. त्या सत्तेच्या वारस राष्ट्राने सुमारे पाचशे वर्षांनी तेच नाव आपल्या एका गाडीला सन्मानाने द्यावे, ही गोष्ट केवळ पर्यटनव्यवसायाच्या इतिहासात नोंदवून सोडून देण्यासारखी नाही. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे नाव धारण करण्यात पश्चात्ताप असतो, अभिमान असतो की नुसती सोय असते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही.

मध्यंतरी काही वर्षे बंद राहून ही गाडी २०१२ मध्ये पुन्हा धावू लागली. सेव्हिलहून निघावे, हेरेस, कादिस, रोंदा, ग्रानादा, बाएथा, उबेदा आणि कोर्दोबा असा वळसा घ्यावा आणि सेव्हिलला परतावे, अशी तिच्या सात दिवसांच्या फेरीची सर्वसाधारण आखणी असते. प्रवाशांची झोपमोड होऊ नये म्हणून गाडी रात्री एखाद्या स्थानकात उभी राहते. शहरे दाखवण्यासाठी वातानुकूलित बस गाडीच्या मागोमाग रस्त्याने येते. म्हणजे प्रवासाचे जे मूळ प्रयोजन, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचणे, ते येथे जवळजवळ लोपलेले आहे. गाडी प्रवाशाला कोठे नेत नाही. ती त्याला आपल्यात ठेवून घेते.

डबे १९२०-३० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बांधलेले आहेत. ब्रिटिश राजघराण्यातील मंडळी कॅलेहून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याला जाताना जे शयनडबे वापरत त्यांपैकी काही या गाडीत आहेत, असे माहितीपत्रके आवर्जून सांगतात. भोजनाच्या एका डब्याचे नाव ‘अलहम्ब्रा’ आणि बैठकीच्या डब्याचे ‘मेदिना अझाहारा’. मेदिना अझाहारा ही तिसऱ्या अब्द अल-रहमानने ९३६ पासून कोर्दोबाजवळ वसवलेली राजनगरी. शतक पुरे होण्याआधीच, अकराव्या शतकाच्या आरंभीच्या यादवीत, ती लुटली आणि जाळली गेली. त्या नावाच्या डब्यात आज संध्याकाळी पियानो वाजतो. नाव दहाव्या शतकाचे, लाकडाचे जडावकाम विसाव्या शतकातील दोन महायुद्धांमधल्या सुखवस्तू युरोपचे. गाडीला खरी ओढ अल-अंदलूसची नाहीच. ती १९२९ च्या सुमाराच्या स्वतःच्याच तारुण्याची आहे. अल-अंदलूस हे त्या ओढीला मिळालेले भारदस्त शीर्षक होय.

२

या फेरीतील अखेरचे मोठे शहर कोर्दोबा. तेथे ११२६ मध्ये इब्न रश्दचा जन्म झाला. युरोप त्याला अव्हेरोस म्हणून ओळखतो आणि ॲरिस्टॉटलचा भाष्यकार म्हणून त्याच्या ऋणात आहे. विंदा करंदीकरांच्या मराठी भाषांतरामुळे ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आपल्या वर्गांत परिचयाचे झाले आहे. इब्न रश्दने त्यावर केलेले भाष्य मात्र तेवढे परिचित नाही. त्याच्या समोर ग्रीक संहिता नव्हती, अरबी भाषांतराची परंपरा होती. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबू बिश्र मत्ताने सिरियाकवरून केलेल्या अरबी भाषांतरात शोकात्मिकेसाठी ‘मदीह’ म्हणजे प्रशस्तिकाव्य आणि सुखात्मिकेसाठी ‘हिजा’ म्हणजे निंदाकाव्य असे शब्द योजलेले होते. इब्न रश्दच्या परिसरात ग्रीक अर्थाची नाट्यसंस्थाच नसल्यामुळे त्याने हे शब्द स्वीकारले आणि अरबी कवितेतील व कुराणातील उदाहरणांच्या आधारे एक सुसंगत विवेचन उभे केले. १२५६ मध्ये हेर्मानुस आलेमानुसने तोलेदो येथे या भाष्याचे लॅटिन भाषांतर केले आणि उत्तर मध्ययुगातील युरोपने ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र बव्हंशी याच रूपात वाचले. बोर्हेसने १९४७ मध्ये एक कथा लिहिली ती या प्रसंगावरच.

या अपवाचनाकडे पाहण्याची सोपी रीत म्हणजे त्याला चूक म्हणून बाजूला सारणे. परंतु ती चूक उणिवेतून जन्मलेली होती आणि त्या उणिवेवर मात करण्याची धडपड तिच्यात होती. जी वस्तू पाहिलेली नाही, तिची संकल्पना आपल्या परंपरेतील सर्वांत जवळच्या वस्तूच्या साहाय्याने समजून घेण्याचा तो प्रामाणिक यत्न होता. शोकात्मिकेचे प्रशस्तीत रूपांतर झाले, ते शोक नकोसा वाटला म्हणून नव्हे.

आलिशान गाडीतही शोकात्मिकेचे प्रशस्तीत रूपांतर होते, पण त्याचे कारण अगदी उलट आहे. येथे कोणतीच माहिती कमी पडत नाही. मार्गदर्शक १४९२ हे साल सांगतो, हद्दपारीचाही उल्लेख करतो. मात्र हे सर्व ऐकणाऱ्याला त्या ज्ञानाची निकड भासू नये अशी सारी व्यवस्था असते. नेमक्या वेळी बस येते, भोजनाची घंटा होते आणि विनाशाचे वर्णन वास्तूच्या वैभवाचे एक विशेषण होऊन जाते. इब्न रश्दचे अपवाचन अभावातून आले, हे विपुलतेतून येते. आणि दुसरे अधिक दुरुस्तीपलीकडचे आहे, कारण ज्याला काही कमी पडत नाही तो शोध घेत नाही.

३

ग्रानादाच्या अलहम्ब्रात हे रूपांतर डोळ्यांना दिसते. सिंहांच्या चौकातील कारंज्याच्या कठड्यावर इब्न झमरक या चौदाव्या शतकातील दरबारी कवीची रचना कोरलेली आहे. भिंतींवर, कमानींभोवती, कोनाड्यांच्या कडांवर अशा कविता आहेत आणि त्यांपैकी काहींत वास्तू स्वतःच प्रथमपुरुषी एकवचनात बोलते. भिंत म्हणते ‘मी’. असा ग्रंथ जगाच्या पाठीवर विरळाच. परंतु अरबी न जाणणाऱ्या प्रवाशाला तेथे अक्षर दिसत नाही, नक्षी दिसते. छायाचित्रात वेलबुट्टी आणि ओळ सारखीच सुंदर येते. संहितेचे अलंकारात पर्यवसान होण्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

या कविता मुळातच प्रशस्त्या आहेत. पाचव्या मुहम्मदाची स्तुती हा इब्न झमरकचा व्यवसायच होता. पण त्या स्तुतीमागील चरित्र प्रशस्तीत मावणारे नाही. इब्न झमरकचा गुरू इब्न अल-खतीब हा त्या काळातील थोर पंडित आणि वजीर. १३७४ मध्ये फेझच्या तुरुंगात त्याची हत्या झाली आणि त्याच्यावरील खटल्यात या शिष्याचा हात होता. पुढे शिष्याचाही वध झाला. म्हणजे भिंतीवरील स्तुती वाचता आली तरी काम संपत नाही. तिच्या पाठीमागील भय वाचण्याचे काम तेथून सुरू होते. पंधरावे शतक संपता संपता कार्डिनल सिस्नेरोसच्या आज्ञेने ग्रानादाच्या चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. भिंतीवरच्या ओळी उरल्या, त्या वाचणारा समाज नाहीसा करण्यात आला. लिपीची नक्षी का झाली, याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात नसून या इतिहासात आहे.

४

रोंदा आणि बाएथा ही या मार्गावरील दोन लहान गावे. १९१२ च्या हिवाळ्यात दोन कवी तेथे होते. रिल्के रोंदाच्या ‘रेइना व्हिक्टोरिया’ या हॉटेलात उतरला होता. इंग्रजी भांडवलाने बांधलेला बोबादिया ते आल्हेसिरास हा लोहमार्ग १८९२ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्याच आधाराने हे हॉटेल १९०६ मध्ये उभे राहिले. रिल्केची खोली पुढे स्मारक म्हणून जपण्यात आली. त्याच सुमारास आंतोनियो माचादो बाएथाच्या शाळेत फ्रेंचचा शिक्षक म्हणून रुजू झाला. त्याची तरुण पत्नी लेओनोर ऑगस्टमध्ये सोरियात वारली होती. १९१९ पर्यंत तो बाएथात राहिला. १९१६ मध्ये तेथेच विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर आलेल्या अठरा वर्षांच्या लोर्काची आणि त्याची भेट झाली. लोर्का १९३६ च्या ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ मारला गेला आणि अनेकदा उत्खनन होऊनही त्याचे अवशेष हाती आलेले नाहीत. माचादो १९३९ मध्ये, पराभूत प्रजासत्ताकाच्या निर्वासितांबरोबर सीमा ओलांडून, फ्रान्समधील कोलियूर येथे मरण पावला.

माचादोची आगगाडीवर एक कविता आहे. तीतील प्रवासी तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर बसलेला आहे. आलिशान गाडीची स्मृती नेमकी या बाकापाशी अडखळते. तिने रेल्वेचा भूतकाळ जपला आहे खरा, पण तो शयनडब्याचा. लाकडी बाकाचा नव्हे. १९५० आणि १९६० च्या दशकांत अंदालुसियातील भूमिहीन शेतमजूर लाखोंच्या संख्येने कातालोनियात, माद्रिदला आणि देशाबाहेर गेले. सेव्हिलहून बार्सिलोनाला जाणारी, कातालोनियात ‘एल सेव्हिलानो’ या नावाने ओळखली जाणारी गाडी या स्थलांतराचे प्रतीक ठरली. दोरीने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या, मार्गिकेत दाटीवाटीने उभी असलेली माणसे, मांडीवर मुले. ती गाडीही कोर्दोबावरून आणि लिनारेस-बाएथाच्या जंक्शनावरून, कोट्यवधी ऑलिव्ह वृक्षांच्या त्याच टेकड्यांमधून जात असे. रूळ तेच, खिडकीतील दृश्यही तेच. फरक एवढाच की एका खिडकीतून पाहणारा त्या भूमीला निरोप देत होता आणि दुसरीतून पाहणारा तिच्या सौंदर्याचे मूल्य मोजून चुकला आहे. १४९२ आणि १६०९ च्या निर्वासितांनंतर अंदालुसियाने अनुभवलेले हे आणखी एक निर्गमन; पण त्याच्या नावाचा डबा कोणत्याही आलिशान गाडीला जोडलेला नाही.

हा प्रश्न एकट्या स्पेनचा नाही. आपल्याकडे १९८२ मध्ये ‘पॅलेस ऑन व्हील्स’ सुरू झाली आणि २००४ मध्ये महाराष्ट्रात ‘डेक्कन ओडिसी’ आली. घाटावरून गिरण्यांत भरती होण्यासाठी ज्या लोहमार्गांनी माणसे मुंबईला गेली, त्यांची पत्र्याची ट्रंक आणि वळकटी या गाड्यांच्या सजावटीत स्थान मिळवू शकली नाही. शाही स्मृतीचे जतन सर्वत्र एकाच पद्धतीने होते: राजाचा डबा ठेवायचा, आणि गाडीला डबे आणखीही होते हे विसरायचे.

५

कोर्दोबाच्या मशिदीत प्रवाशांना साधारणतः दीड-दोन तास मिळतात. पहिल्या अब्द अल-रहमानने ७८५ च्या सुमारास तिचे बांधकाम आरंभले, तेव्हा रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब उचलून आणले होते. उंची जुळेना म्हणून एकावर एक दुहेरी कमानी रचण्यात आल्या. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती सत्तेखाली आले आणि १५२३ पासून साडेआठशेहून अधिक स्तंभांच्या या अरण्याच्या मध्यभागी कॅथीड्रल उभारले गेले. ही वास्तू कोणालाच एकसंध अर्थ देत नाही. उसन्या खांबांपासूनच तिची सुरुवात झाल्यामुळे ‘मूळ’ कोणते हा प्रश्न तिने आरंभापासून निरर्थक केलेला आहे, आणि मध्येच घुसवलेल्या कॅथीड्रलमुळे बळजोरी लपतही नाही. या वास्तूत प्रशस्ती आणि शोक यांचे परस्परांत रूपांतर होत नाही; दोन्ही शेजारी उभे राहतात. म्हणून तिचे वाचन दोन तासांत संपत नाही.

आलिशान गाडीचा दोष तिच्या मखमलीत नाही. सुखाने प्रवास करणे हे पाप नव्हे, आणि गरिबीत पाहिलेले शहर आपोआप अधिक खरे ठरत नाही. दोष असा की ती प्रत्येक शहर संपवून दाखवते. या रीतीचा मोह वाङ्मयाच्या अध्यापनालाही पडतो. महानुभाव, संत, पंडित, शाहीर अशी स्थानके नेमलेली असतात. प्रत्येक स्थानकावर थोडा वेळ उतरायचे, ठळक वैशिष्ट्ये टिपायची आणि जागेवर परतायचे. विद्यार्थ्याला सर्व काही सांगितले जाते, आणि त्याला कशाचीच निकड भासत नाही. लीळाचरित्राच्या पोथ्या सकळ लिपीत का गेल्या, तुकोबांच्या वह्या बुडवण्याची वेळ कोणी आणली, हे प्रश्न वैशिष्ट्यांच्या यादीत एकेका वाक्याचे धनी होतात. परंपरेचा गौरव वाढत जातो आणि तिच्यातील ताण दिसेनासा होतो. शोकात्मिकेची प्रशस्ती करण्यासाठी स्पेनपर्यंत जावे लागत नाही.

इब्न रश्दवर ११९५ मध्ये राजकोप झाला. त्याला लुसेना येथे हद्दपार करण्यात आले, त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळण्यात आले. पुढे कोप ओसरला, पण ११९८ मध्ये तो माराकेशला मरण पावला. काही काळाने त्याचे शव कोर्दोबाला नेण्यात आले. त्या प्रसंगी उपस्थित असलेल्या इब्न अरबीने नोंदवून ठेवले आहे की जनावराच्या पाठीवर एका बाजूला शव होते आणि तोल साधावा म्हणून दुसऱ्या बाजूला त्याचे ग्रंथ बांधले होते. अल-अंदलूसमधील शहरांकडे जाणाऱ्या सर्व प्रवासांत हा प्रवास सर्वांत कमी सुखाचा होता. वाचणाऱ्याला मात्र तोच विचारात पाडतो: एका बाजूचे वजन पेलायचे, तर दुसऱ्या बाजूला किती वाचलेले असावे लागते?