चंपाषष्ठीचं भरीत

इंदूरच्या आमच्या वाड्यात वडील आणि दोन काका मिळून आम्ही ११ मुलं, सगळी एकाच पंगतीला. आजीचा कायदा असा की पानात वाढलेलं टाकायचं नाही. मला गिलकी, म्हणजे घोसाळी, अजिबात आवडत नसे, पण नाक दाबून गिळायचो. माझा धाकटा भाऊ बाळू मात्र वांगं खायचाच नाही. म्हणायचा, "घशात खाजतं." घरात सगळ्यांचं एकच उत्तर, चोचले आहेत!

चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी बंद, तेव्हा गडी खूश. आजीला वाटे, पोरगं किती धार्मिक! पण चंपाषष्ठी आली की पंचाईत. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, आमचंही तेच. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि प्रसादाला नाही कसं म्हणणार?

१९६२ ची गोष्ट. मी १० वर्षांचा, तो ६. त्यानं भरीत हळूच माझ्या पानात सरकवलं आणि मी शहाण्यानं आजीला सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत पोरगं पानासमोर बसून होतं. शेवटी खाल्लं. ओठ सुजले, तर काकू म्हणाली, रडून सुजलेत.

बँकेत ३६ वर्षं लोकांच्या खात्यातल्या चुका काढल्या, ही माझ्या नावावरची तशीच राहिली.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी बाळूला सांगितलं, वांग्याची ॲलर्जी आहे. वयाच्या ६८ व्या वर्षी! फोनवर म्हणतो, "दादा, आता हेही सांग की आजीला."

खूप हसलो दोघं. फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, आज भरीत नको करू.