डॉक्टर दादी

माळव्यातील इंदूर शहराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात होळकरांच्या बरोबर अनेक मराठी कुटुंबे तिकडे गेली आणि तिथलीच होऊन राहिली. माझी आत्याही लग्न होऊन इंदूरला गेली. तिचे यजमान कापड गिरणीत कामाला होते. तिच्यामुळे त्या शहराच्या बातम्या आमच्या घरी आपुलकीने वाचल्या जात. १४ ऑगस्ट २०१७ रोजी डॉ. भक्ती यादव गेल्याची बातमी वाचली, तेव्हा घरातले कोणी वडीलधारे माणूस गेल्यासारखे मला वाटले. त्या वेळी त्यांचे वय ९१ वर्षांचे होते. इंदूरचे लोक त्यांना प्रेमाने ‘डॉक्टर दादी’ म्हणत.

भक्तीताईंचा जन्म ३ एप्रिल १९२६ रोजी उज्जैनजवळच्या महिदपूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. मुलीने शिकावे, ही गोष्ट त्या काळी समाजाला रुचत नसे. पण वडिलांनी त्यांना शिकण्यासाठी गरोठ या गावी पाठवले. तिथे सातवीच्या पुढे शाळा नव्हती. मग वडील त्यांना इंदूरला घेऊन आले आणि वसतिगृह असलेल्या अहिल्या आश्रम शाळेत त्यांचे नाव घातले. शाळा जिथे संपली, तिथे शिक्षण थांबले नाही. मधेच शाळा सुटलेल्या आणि पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या प्रत्येकाला या गोष्टीचे मोल चटकन कळेल.

इंदूरचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९४८ मध्ये सुरू झाले. त्याच्या पहिल्याच तुकडीत भक्तीताईंना प्रवेश मिळाला. त्या तुकडीत मुलगी अशी त्या एकट्याच होत्या. १९५२ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे स्त्रीरोगशास्त्रातील पदव्युत्तर पदवीही त्यांनी मिळवली. १९५७ मध्ये वर्गबंधू डॉ. चंद्रसिंह यादव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मोठ्या शहरांत जाण्याऐवजी चंद्रसिंहांनी इंदूरच्या कामगार विमा रुग्णालयात राहणे पसंत केले आणि ते गिरणी कामगारांचे डॉक्टर म्हणूनच ओळखले गेले. भक्तीताईंनीही सरकारी नोकरी सोडली आणि नंदलाल भंडारी प्रसूतिगृहात काम स्वीकारले.

या निर्णयाचे महत्त्व मला आत्याच्या बोलण्यातून उमगले. तिचे पहिले बाळंतपण खेड्यात, माहेरी झाले. जवळपास डॉक्टर नव्हता. बैलगाडी जुंपेपर्यंत उशीर झाला आणि मूल दगावले. दुसऱ्या खेपेस ती इंदूरलाच राहिली. तिथे दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर होता आणि तपासायला बाई डॉक्टर होती. पुरुष डॉक्टरांपुढे अवघडून बसणारी माझी आत्या तिच्यापाशी मोकळेपणाने बोलली. ते मूल जगले. “डॉक्टर हुशार असून भागत नाही रे, ती जवळ असावी लागते,” असे आत्या म्हणे.

भक्तीताई अशा जवळ राहिल्या. १९७८ मध्ये भंडारी प्रसूतिगृह बंद पडले, तेव्हा त्यांनी परदेशीपुरा या कामगार वस्तीतील आपल्या घरीच ‘वात्सल्य’ नावाने दवाखाना सुरू केला. गरीब स्त्रियांकडून त्या पैसे घेत नसत. शक्य असेल तिथे शस्त्रक्रिया टाळून नैसर्गिक प्रसूती व्हावी, असा त्यांचा प्रयत्न असे. त्यांच्या हातून हजारो बाळे जन्मली. पुढे इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे वाजेनासे झाले आणि अनेकांची मिळकत थांबली. पण गिरणी बंद झाली म्हणून बाळंतपणे थांबत नाहीत. अशा दिवसांत पैशांविना उघडणारे दार केवढा आधार देत असेल!

अखेरच्या काही वर्षांत हाडे ठिसूळ होण्याच्या व्याधीने त्यांना ग्रासले. वजन अवघे २८ किलोवर आले. २०१४ मध्ये पतीचेही निधन झाले. तरी स्त्रिया त्यांच्याकडे सल्ल्यासाठी येतच राहिल्या. २०१७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. सन्मान आला तेव्हा जेमतेम सहा-सात महिन्यांचे आयुष्य उरले होते. पण त्यांच्या कामाला सन्मानाची वाट पाहावी लागली नव्हती. ते काम सहा दशकांहून अधिक काळ चालूच होते.

दीर्घायुष्य सर्वांनाच हवे असते. भक्तीताईंना ते लाभले आणि त्यांनी ते एका शहरातील, एका वस्तीतील बायांसाठी वेचले. आज परदेशीपुऱ्यात नातवंडांना खेळवणाऱ्या कितीतरी आज्यांना आपला जन्म कोणाच्या हातून झाला, हे आईने सांगितलेले असेल. त्यांच्या बोलण्यात ‘डॉक्टर दादी’ अजून नांदत असतील.