घाट, हौस आणि माझी स्विफ्ट

माझी स्विफ्ट 2018 सालची, पेट्रोलवरची. नोकरी पणजीच्या बँकेत, घर टिळकवाडीत. त्यामुळे सोमवारी पहाटे चोर्ला घाट उतरायचा आणि शनिवारी संध्याकाळी चढायचा, असं गेली तीन वर्षं चाललंय. आपल्या बेळगावकरांना हा रस्ता वेगळा सांगायला नको. जाताना पुढे भाजीने भरलेले टेम्पो, येताना तेच रिकामे, आणि मध्ये कुठेतरी कदंबाची बस.

गाडी चालवायला मला मनापासून आवडतं. वय 54 झालं तरी ते कमी झालेलं नाही. म्हणूनच गेल्या वर्षी डोक्यात आलं की आहे त्या गाडीत जोर भरावा, नाहीतर सरळ जोरकस गाडी घ्यावी.

पुण्याहून चिरंजीव म्हणाले, “आई, रिमॅप कर.” म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली आज्ञावली बदलायची. मी चौकशी केली. टर्बो इंजिनात याने खरोखर फरक पडतो, कारण हवेचा दाब वाढवता येतो. माझं इंजिन साधं, 1.2 लिटरचं. ते बाहेरची हवा आहे तेवढ्याच दाबाने ओढतं. 83 पीएसचे फार तर चार-पाच वाढले असते. शिवाय बदल विमा कंपनीला कळवायचा, आणि कायद्याचं वेगळंच. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाहीत. चार पीएससाठी एवढा व्याप कोण करणार? मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या गल्लीत एकाने बसवलाय, तो रात्री साडेअकराला घरी येतो.

मग आय ट्वेंटी एन लाइन चालवून पाहिली. खोटं का बोलू, जीव जडला. एक लिटरचं टर्बो इंजिन, 120 पीएस. पण खरी गंमत त्या आकड्यात नाही. माझ्या गाडीचा सगळा जोर 4200 फेऱ्यांवर मिळतो, म्हणून केरीच्या पुढे चढ लागला की दुसरा गिअर टाकून इंजिनला ओरडायला लावावं लागतं. ही गाडी 1500 फेऱ्यांपासूनच ओढते. बस मागे टाकायला हवं असतं ते हेच. किंमत मात्र तेव्हा 10 लाखांच्या वर होती, आणि तिथे आपल्या कर्नाटकात आजीवन कर 17 टक्के, त्यावर उपकर.

मी घरी सगळा हिशेब मांडला. घाट, सुरक्षितता, ओव्हरटेक. आमच्या यांचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. यंत्राबद्दल ते कमी बोलतात, पण बोलले की ऐकावं लागतं. म्हणाले, “हौस आहे म्हण की. घाटाला कशाला मध्ये आणतेस? घाटात तुला जोर कमी पडतो का पकड?”

याचं उत्तर दोन-तीन खेपा लक्ष ठेवून पाहिल्यावर मिळालं. चढताना जोर कमी पडतो, पण त्याने वेळ जातो फक्त. उतरताना मात्र वळणावर गाडी बाहेर झुकते, ब्रेक शेवटी शेवटी मऊ लागतात, आणि मागे बसलेल्या सासूबाई आलेपाक चघळत डोळे मिटून घेतात. नणंद म्हापशाला, त्यामुळे महिन्यातून एकदा त्या बरोबर असतातच.

तेव्हा पैसे तिकडे घातले. माझ्या गाडीला 165/80 आर 14 टायर होते. वरच्या मॉडेलला कंपनीच 185/65 आर 15 देते. बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच, म्हणून वेगाचा काटा चुकत नाही. ते घातले, चारही शॉक अॅब्सॉर्बर बदलले, पुढचे ब्रेक पॅड नवे, ब्रेक ऑइल नवं. ते ऑइल हवेतला ओलावा धरतं, आणि ओलसर ऑइल लांब उतारावर तापून उकळू शकतं. आपल्याकडच्या पावसात तरी दोन वर्षांनी ते बदलावंच. सगळं मिळून सत्तर हजारांच्या आसपास गेले.

आता वळणावर गाडी सरळ बसून राहते. सासूबाईंना मी काहीच सांगितलं नव्हतं. पहिल्याच खेपेला केरीला उतरलो तरी त्यांचा आलेपाक पिशवीतच होता, आणि त्या मला नणंदेच्या शेजारणीची गोष्ट सांगत होत्या. चढाला मात्र अजूनही दुसराच गिअर. परवा तर कणकुंबीपर्यंत एका टेम्पोच्या मागूनच आले.

निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत. त्यानंतर दर आठवड्याला घाट असणार नाही, म्हणून थांबायचं तर फार थांबताही येणार नाही. गेल्या महिन्यात दरमहा पंधरा हजारांची आवर्ती ठेव उघडली, तीन वर्षांची. यांनी विचारलं, कशासाठी? म्हटलं, हौस.