दुधी घ्या कुणी

आषाढात दुधीच्या आठ बिया लावल्या, निम्म्या तरी कुजतील या हिशोबाने. आठही उगवल्या. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जन्म काढून साताऱ्याला वडिलांच्या घरी राहायला आलेल्या माणसाला वेल काय करू शकते हे ठाऊक नसतं. वेली मांडवावरून कुंपणावर, कुंपणावरून न्हाणीच्या पत्र्यावर गेल्या आणि गणपतीत रोज तीन-चार दुधी उतरायला लागले.

पहिला आठवडा कौतुकाचा. हलवा, थालीपीठ, सालीची तीळ घालून चटणी. दुसऱ्या आठवड्यात बायको ताट वाढताना बोलेनाशी झाली. शेजारच्या काकूंना दोन दुधी दिले, तर त्यांनी लगेच तीन दोडके माझ्या हातात ठेवले. म्हणजे ओझं वाढलंच.

मग फाटकाला पिशवी अडकवली, वर पुठ्ठा: ‘मोफत. हवे तेवढे घ्या.’ संध्याकाळपर्यंत एकाही दुधीला हात लागला नाही. एक बाई तर मुलाला ओढत रस्त्याच्या पलीकडून गेली. काकूंनी उलगडा केला, “अहो भाऊ, असं बाहेर ठेवलेल्या फळाला कोण शिवतं? कुणीतरी उतरून टाकलंय वाटतं. त्यात आज सर्वपित्री अमावस्या!”

गावाबाहेर मुलींचं एक वसतिगृह आहे. चार दुधी स्कूटरला लावून दुपारी तीनला तिथे पोचलो, चेहरा दानशूराचा. स्वयंपाकाच्या मावशींनी एक उचलला आणि त्यावर अंगठ्याचं नख दाबलं. रुतलं नाही. “जून झालाय. बियाणाला ठेवा.” दुसराही तसाच. द्यायचं तर भरघोस, म्हणून मी ते मुद्दाम वाढू दिले होते; दुधी फळ धरल्यापासून बारा-पंधरा दिवसांत, कोवळा असतानाच काढायचा असतो. उरलेल्या दोघांची चकती कापून मावशींनी जिभेला लावली आणि थुंकली. मला अपमानच वाटला. पण कडू दुधीतलं कुकर्बिटासिन शिजवूनही जात नाही, माणूस दवाखान्यात पोचतो. दुधीच्या रसाबद्दल आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीनेही हेच बजावलं होतं: कडू लागला तर टाकून द्या. मावशींना समितीची गरज नव्हती.

“गोड आहेत,” त्या म्हणाल्या, “पण पंचेचाळीस पोरींना दोन दुधी कुठे पुरवू? एका वेळेला आठ-दहा किलो लागतात. आणि आम्ही सकाळी सहाला चिरायला बसतो. दुपारी आणलेलं ठेवू कुठे?”

चारही परत आणले. एक जून बियाणाला ठेवला, दुसरा खड्ड्यात पुरला. 2022 मध्ये जगात वाया गेलेल्या अन्नापैकी 60 टक्के घरांतून गेलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात आहे. वाचलं तेव्हा ती घरं दुसऱ्यांची वाटली होती.

आता सोमवार-गुरुवार ठरलेत. आदल्या संध्याकाळी माझे दुधी, काकूंचे दोडके, मागच्या गल्लीतला शेवगा आमच्या ओसरीवर जमतो. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ, म्हणून झाडावर कुणी चढत नाही. आकडी लावून शेंगा ओढायचं काम माझं. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा अकरा किलो भरले. पावणेसहाला काकू आणि मी वसतिगृहात हजर. मावशींनी नख दाबलं, चकत्या चाखल्या. तिसरी चकती थुंकली आणि तो अख्खा दुधी बाजूला भिरकावला.

“हा कुणाचा?”

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.