दोन सफारींच्या मधली दुपार

जंगलातल्या रिसॉर्टचं वेळापत्रक वाघ ठरवतो. पहाटे साडेचारला दारावर टकटक होते, डोळे चोळत चहा घ्यायचा, अंधारातच जिप्सीत चढायचं आणि ऊन तापलं की परत यायचं. दुपार कलायच्या आत पुन्हा तेच. घरची सगळी माणसं हौसेनं एकत्र निघतात आणि दिवसाचा बराचसा वेळ एकमेकांच्या पाठीमागे बसून काढतात. पुढच्याची टोपी दिसते, तोंड दिसत नाही. बोलायलाही बंदी, कारण गाइड जनावरांचे इशाऱ्याचे कॉल ऐकत असतो. तोंडं दिसतात आणि उघडतात ती मधल्या चार तासांत. रिसॉर्टच्या माहितीपत्रकात त्या तासांपुढे नुसतं 'विश्रांती' असं लिहिलेलं असतं. माझं विचाराल तर पैसे वसूल होतात ते तिथेच.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही ताडोब्याला गेलो, मोहर्ली गेटच्या बाजूला. सासूबाई, दीर-जाऊ, त्यांची दोन कार्टी, आमची एक, आणि आम्ही दोघं. एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सुट्टीला जाणाऱ्यांना पुण्यात वेड्यात काढतात, आणि ते फारसं चूक नाही. पण पाणवठे आटत आले की जनावर उरलेल्या पाण्यावर येतं, त्यामुळे नेमकं याच दिवसांत बुकिंग मिळता मिळत नाही. चंद्रपूर सोडलं तरी औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या बराच वेळ पाठ सोडत नाहीत. त्या केंद्राला पाणी पुरवणाऱ्या इरई धरणाचा फुगवटा पार मोहर्लीपर्यंत येऊन टेकलेला आहे. एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला वाघ, आणि मधे आमच्यासारख्यांच्या वातानुकूलित खोल्या.

वाघाचं आधी सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचं लक्ष लागणार नाही. दिसला. पाण्यात उलटा शिरून, मागचं अंग बुडवून, आमच्याकडे पाठ करून बसला होता, आणि आजूबाजूला इतक्या जिप्स्या की त्याच्यापेक्षा आम्हीच जास्त बघण्यासारखे होतो. थोरल्या पुतण्याला फोटो काढायचा होता, पण गाभ्यात मोबाइल नेऊ देत नाहीत. हा नियम ज्यानं केला त्याला माझ्याकडून एक जेवण.

गाइडनं त्या फेरीत आणखी दोन गोष्टी दाखवल्या, त्या मात्र मनातून जात नाहीत. एक जामणीचं माळरान. चितळांचे कळप चरत होते, आणि तो म्हणाला, "इथं गाव होतं." गावाचं पुनर्वसन झालं, शेतांचं गवत झालं. दुसरी, ताडोबा तलावाकाठचं तारूचं ठाणं. तारू हा एका गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, आणि गोंड माणसांनी त्याला देव केलं. पौषात त्याची जत्रा भरायची. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल वाघानं मारलेल्या माणसाच्या नावानं ओळखलं जातं. जिप्सीत कुणी काही बोललं नाही. तेवढ्यात वानराचा कॉल आला आणि ड्रायव्हरनं गाडी दामटली.

तर ती दुपार. साडेदहाला नाश्ता आटोपून बाकीचे खोल्यांत शिरले. आई, म्हणजे सासूबाई, एसीत बसत नाहीत, गुडघे धरतात. त्यांनी भोजनगृहाच्या मागच्या मोहाखाली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं. त्यांना पाणी द्यायला मी गेले ती तिथेच बसले. मग मला शोधत नवरा आला. रेंज शोधत मुलं आली. रेंज तिथेही नव्हती. शेवटी जाऊबाई चटई घेऊन आल्या आणि दिरांनी बॅगेतून पत्त्यांचा कॅट काढला. मुलांना मेंढीकोट येत नव्हता. आईंनी शिकवला, आणि शिकवता शिकवता त्यांच्या दश्शा ओढून नेल्या. खेळताना त्या किती पाताळयंत्री होतात हे त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हतं.

पक्ष्यांसाठी तिथे सिमेंटचं एक उथळ थाळं ठेवलेलं होतं. उन्हं डोक्यावर आली तसा तांबट तेवढा टुकटुकत राहिला, बाकी सगळं गप्प. आणि मग झाडातून एक पांढरी फीत खाली आली. स्वर्गीय नर्तक, नर. डोकं काळंभोर, अंग पांढरंशुभ्र, शेपटीची दोन लांब पिसं. तो पाण्यात उतरत नव्हता. फांदीवरून सूर मारायचा, पोट पाण्याला टेकवायचा आणि त्याच झपाट्यात परत फांदीवर. मग पिसं झटकायची, चोचीनं विंचरायची, पुन्हा सूर. ती शेपटी भिजली की जड होऊन वळताना किंचित मागे राहायची. धाकटी हातातले पत्ते उलटे धरून बघत होती. सगळ्यांना तिचे पत्ते दिसत होते, आणि कुणी तिला सांगितलं नाही. वाघापुढे आम्ही पाच-सात मिनिटं असू. या पक्ष्यापुढे तासभर तरी गेला.

खोल्या झाडून झालेली एक बाई विसाव्याला तिथे आली. खाली पडलेलं मोहाचं एक फूल तिनं सहज उचलून ओट्यात टाकलं. आईंचं माहेर ब्रह्मपुरी, याच जिल्ह्यातलं. पुण्यात त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेली बोली तिथे एकदम बाहेर पडली. "किती वाजता जातं तू वेचाले?"

"तीनाले उठतो आजी. आंधी अस्वल येते, मंग आमी." ती हसली. "यंदा कमीच हाय. मधात पाऊस आला ना, फूल गळलं."

आईंनी एक फूल मुलांच्या हातावर ठेवलं. फिकट पिवळसर, मांसल, आतून पोकळ, चिमटीत धरलं की चिकट रस सुटतो. वास गोड, पण डोक्यात चढणारा. हीच फुलं उन्हात वाळली की मनुकांसारखी तांबूस, सुरकुतलेली होतात. त्यांचे लाडू करतात, आणि दारूही होते हे आईंनी मुलांसमोर न कचरता सांगितलं. मग टेंभरं, चारं, पानाच्या द्रोणातून विकायला येणारा तो सगळा रानमेवा. आम्ही जंगल दुर्बिणीतून पाहत होतो, त्यांना ते चवीनं पाठ होतं. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही विचारलं नव्हतं, आणि त्यांना सांगावंसं वाटलं नव्हतं.

मोहाखाली फुलं दिसावीत म्हणून पालापाचोळा पेटवतात आणि त्यातून वणवे लागतात, ही वन खात्याची तक्रार खरी आहे. आता काही ठिकाणी झाडाखाली जाळी अंथरतात. त्या बाईला मी विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "आता चार-पाच जणी मिळूनच जातो. एकटी नाई जात कोनी." पण चौघी मिळून गेल्यानं भागतंच असं नाही. मे 2025 मध्ये याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. ज्या जनावराच्या दर्शनासाठी आम्ही महिने-महिने आधी पैसे भरतो, ते आपल्याला दिसू नये म्हणून ती रोज पहाटे देवाला हात जोडून निघते. ताडोब्याचा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटर, बफर त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट, आणि वाघाला यातली कुठलीच रेघ दिसत नाही. वाघ वाचले ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्याची किंमत कोण मोजतं हे मात्र पर्यटकानं एकदा तरी शेजारी बसून ऐकावं.

अडीचला जिप्सीचा हॉर्न वाजला. धाकटीनं सांगून टाकलं की तिला यायचं नाही, आजीबरोबर डाव पुरा करायचाय. आम्ही गेलो, दोन तास धूळ खाल्ली, एक मोर आणि एक गवा पाहून परतलो. त्या दोघी तिथेच होत्या आणि आईंच्या खुर्चीखाली वाळत घातलेल्या मोहफुलांचं एक वर्तमानपत्र भरलं होतं.

जाणार असाल तर एवढं ऐका. दर मंगळवारी ताडोब्याचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो. सगळे तो वार टाळून बुकिंग करतात. तुम्ही तो धरून करा, आणि पत्ते न्यायला विसरू नका.